नवमीची सवाष्ण

सलोनीने पानातली उरलीसुरली भाजी वड्याच्या तुकड्याने निपटून घेतली आणि मान वर न करता म्हणाली,

"काकी, भाजी अजून वाईच वाडशात?"

सत्यवतीला सकाळपासून पहिल्यांदाच हायसं वाटलं. तिने पातेल्यातली दुधीची भाजी डावभर वाढली, चण्याची डाळ जरा जास्त येईल अशी. पाटावर बसलेली ही पोर आज नुसती शेजारच्या धनेशची बायको नव्हती. नवऱ्याआधी कुंकवानिशी गेलेल्या बाईच्या नावाने अहेव नवमीला जी सवाष्ण पानावर बसते, तिच्या तोंडाने ती गेलेली बाईच जेवते. म्हणजे या घटकेला सलोनी ही सत्यवतीची सासू होती, गेल्या वर्षी याच घरातून गेलेली पद्मावती. आणि सासूने भाजी मागून घ्यावी, हे भाग्य सासू जिवंत असताना सत्यवतीच्या वाट्याला फारसं आलं नव्हतं.

"वाड गो, हात आखडू नको," उंबऱ्यावर बसलेल्या काशीआत्ते म्हणाल्या. "वयनीच जेवता हा ती."

काशीआत्ते म्हणजे सासऱ्यांची बहीण. म्हाळ कसा घालायचा, कुठलं पान कुठल्या दिशेला मांडायचं, कुणी आधी जेवायचं आणि कुणी मागून, हे सगळं त्यांच्या जिभेवर. पहाटे भाजी चुलीवर असताना सत्यवतीने सवयीने डावाचा थेंब तळहातावर घेतला, तर आत्तेंनी मनगटच धरलं होतं. "पितरांचा जेवाण चाखतत? उष्टा घालतलंस वयनीक?" सत्यवतीने मुकाट्याने हात धुतला. कट्टा गावच्या कॉलेजात ती अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, पण घरच्या चुलीपुढे शास्त्र आत्तेंचं.

मग कावळ्याने घोटाळा केला. परसाच्या दगडी गडग्यावर ठेवलेल्या पानाशी एक आला, भाजीत चोच घातली, ती दगडावर दोन्ही बाजूंनी घासली आणि उडून गेला. दुसरा तर लांबूनच बघत बसला. सत्यवतीचा नवरा सुदेश हात जोडून उन्हात उभा राहिला. आई, बाबांना काही कमी पडू देणार नाही, आई, धाकट्या भावाशी बोलणं पुन्हा सुरू करतो, असं एकेक कबूल करत गेला. कावळा ढिम्म. शेवटी आत्तेंनी दर्भाचा कावळा करून पानाला टेकवला आणि वेळ मारून नेली, पण सगळ्यांचे चेहरे उतरले ते उतरलेच. सासरे, रामचंद्रबाबा, पडवीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले.

अशा घरात सलोनी जेवायला आली होती. तिला आमंत्रण द्यायला सत्यवती स्वतः गेली होती. धनेशच्या घरचं होमस्टे खाडीच्या वळणावर आहे, मुंबई-पुण्याचे पाहुणे असतात. सलोनी वाकून चादरी पिळत होती, आणि "येशील ना गो?" या प्रश्नाचं उत्तर तिच्या सासूने दिलं होतं. "येतली. अकराक धाडतंय. जेवली की लगेच परत धाडा." आज पाटावर बसताना सलोनी जरा अवघडली होती. वाफाळता वडा पानात पडला तेव्हा ती हळूच म्हणाली होती, "काकी, लगीन झाल्यापासना असा कोणी बसवन वाडूक नाय माका." सत्यवती हसली होती. आपल्याकडच्या सुनांना हे वाक्य नवं नाही, त्यामुळे ते ऐकून कुणी थांबत नाही.

सलोनीने दुसऱ्यांदा वाढलेली भाजीही संपवली. खीर मात्र चमचाभरच घेतली. मग ती हात धुवायला मागल्या दारी पाण्याच्या दगडी डोणीपाशी गेली.

पहिली उलटी झाली तेव्हा काशीआत्तेंच्या चेहऱ्यावर हसू आलं. "बातमी आसा की काय गो?" त्यांनी तिथूनच विचारलं.  दुसरी उलटी झाली, मग तिसरी, मग मोजायला कुणाला सुचलं नाही. ती डोणीच्या कडेला धरून खाली सरकली आणि पोट आवळून जमिनीवर वाकली. सत्यवतीने धावत जाऊन तिला धरलं. अंग गार आणि घामाने निथळत होतं, आणि दगडावर जे पडलं होतं त्यात लाल धागे दिसत होते.

सत्यवतीने वर बघितलं. समोर माटवावर दुधीचा वेल होता, अर्धा करपलेला. ती क्षणभर त्या वेलाकडे बघत राहिली, मग उठली आणि स्वयंपाकघरात पळाली. पातेल्यातली भाजी बोटाच्या टोकावर घेऊन तिने जिभेला लावली.

कारलंही कडू असतं, पण तो कडूपणा जेवणातला असतो. हा जेवणातला नव्हता. जीभ आक्रसली, घसा आपोआप मिटला आणि तिने मोरीत थुंकलं, पाण्याने चूळ भरली, तरी तो गेला नाही. पडवीत घरच्यांची पानं मांडून झाली होती. बाबा पाटावर बसून आपोष्णीसाठी हातात पाणी घेत होते.

"बाबा, कशाक हात लावू नकात," ती ओरडली. "भाजी कडू आसा. सुदेश, गाडी काढ."

गाडीत मागे सलोनीचं डोकं तिच्या मांडीवर होतं, पायाशी झाकण लावलेलं पातेलं, आणि पुढे काशीआत्ते, ज्यांना कुणी चला म्हटलं नव्हतं. सुदेश वळणावळणाने हॉर्न वाजवत होता. सलोनीचे डोळे मिटलेले होते, मध्येच तिचं अंग धनुष्यासारखं ताणायचं आणि सत्यवती तिच्या तोंडाखाली पंचा धरायची. पंचा पांढरा होता, म्हाळासाठी काढलेला. आता त्याच्याकडे बघवत नव्हतं.

दरवर्षी ती हा धडा शिकवते. जनावराला त्रास झाला तर ते पळतं, झाडाला पळता येत नाही, म्हणून ते आतल्या आत बदलतं. पाणी तुटलं, जमिनीत मीठ चढलं, ऊन झालं, किडीने कुरतडलं, की वाढ थांबवतं, गोडवा राखून ठेवतं आणि जी सामग्री फळाला पोसायला वापरायची तिचंच विष करतं. काकडी, दोडका, दुधी या घराण्यात तर हे फारच. एकदा एका पोराने विचारलं होतं, "बाई, म्हणजे वेल रागावतो?" वर्ग हसला होता. ती म्हणाली होती, "रागावत नाही रे, जगायला बघतो." पोरांनी ते लिहूनही घेतलं होतं.

आणि घरचाच वेल तिला दिसला नव्हता. श्रावणातल्या उधाणात खाडीचा बांध फुटला, खारं पाणी परसात आणि विहिरीत शिरलं. पाणी ओसरलं तरी विहीर मचूळच राहिली. मग गणपती गेले तसा पाऊसही गेला, आणि ऊन असं पडलं की वैशाख बरा. बाकी सगळी भाजी बसली. हा एकच वेल बाबांनी जगवला, कारण त्याचं बी पद्मावतीने राखेत घालून ठेवलेलं शेवटचं बी होतं. म्हातारा रोज सकाळ-संध्याकाळ त्याच विहिरीची कळशी भरून वेलाच्या मुळाशी ओतत होता. एकच दुधी धरला. तो नवमीसाठी राखला होता, पद्मावतीला ही भाजी आवडायची म्हणून, डाळ घालून.

"सगळा माझ्या डोळ्यांसमोर होता," सत्यवती म्हणाली.  काशीआत्तेंनी पुढून हात मागे करून सलोनीचं पाऊल धरलं होतं, ते त्यांनी दवाखाना येईपर्यंत सोडलं नाही.

तालुक्याच्या रुग्णालयात डॉक्टर तरुण होता. त्याने बीपी घेतलं, पुन्हा घेतलं, सिस्टरला दोन्ही हातांना सलाइन लावायला सांगितलं. मग बॅटरीने सलोनीचे डोळे बघितले आणि बाहेर येऊन त्याने पहिला प्रश्न विचारला तो लग्नाचा.

"लग्नाला किती वर्षं झाली?"

"दोन होतील," सत्यवती म्हणाली.

"घरात फवारणीचं औषध असतं? उंदराचं काही?"

"डॉक्टर, हे दुधीमुळे झालंय. कडू दुधी."

त्याने तिच्याकडे असं बघितलं, जसं या खुर्चीतून रोज दहा सबबी ऐकणारा माणूस बघतो. "बाई, भाजीने उलट्या होतात. बीपी इतकं खाली जात नाही. पोलिसांना कळवावं लागेल, आणि पोट धुवायला नळी घालावी लागेल."

"रक्त पडतंय तिला. आतून सोललं गेलं असेल. नळी घालू नका हो." तिचा आवाज चिरकला. कॉलेजात आवाज न चढवता वर्ग गप्प करणारी बाई ती, पण इथे तिला शब्द सापडेनात. "मी जीवशास्त्र शिकवते. डॉक्टर नाही मी, कबूल. पण तुम्ही कुणाला तरी विचारा. वरिष्ठांना फोन करा. दुधीचा रस पिऊन माणसं गेलीत, ते तुमच्या वाचनात असेल."

"तुम्ही सगळ्यांनी तेच खाल्लं ना? बाकीच्यांना काही कसं नाही?"

"सवाष्ण आधी जेवते. आम्ही बसलोच नव्हतो."

"आणि करताना कुणी चव घेतली नाही?"

याचं उत्तर द्यायला तिला सगळ्यात जड गेलं. "पितरांचं होतं," ती म्हणाली. "चाखत नाहीत."

 सुदेशने तिला कोपराला धरून बाजूला घेतलं. "सत्या, पोलीस येतले," तो कुजबुजला. "म्हाळाच्या जेवणात विष, असा गावभर होतला. बाबा खंय बगतले मगे? वाईच गप रव. डॉक्टर काय ता बगतीत."

तिला त्याचा रागही आला नाही. तिने त्याचा हात सोडवला, बाकावरचं पातेलं उचललं, झाकण काढलं आणि डॉक्टरसमोर उभी राहून भाजीची एक फोड तोंडात टाकली. घशाने ती नाकारली. तिने जबरदस्तीने चावली, डोळ्यांत पाणी आलं, नाकातून आलं, आणि मग ती कोपऱ्यातल्या बेसिनवर जाऊन ओकली. डॉक्टरने पातेलं तिच्या हातातून काढून घेतलं. त्याने करंगळीचं टोक रसात बुडवून जिभेला लावलं आणि लगेच तोंड फिरवलं.

"सिस्टर, नळी राहू दे," तो म्हणाला आणि फोन काढून कुणाला तरी सर म्हणत आत गेला.

त्यानंतर फक्त वाट बघणं उरलं. रक्त थांबलं नाही तर गोव्याला हलवावं लागेल, आणि बीपी असंच राहिलं तर हलवणंही अवघड, एवढं डॉक्टरने सांगितलं. सत्यवतीचा जीव टांगणीला लागला होता. दाराच्या फटीतून सलोनीचा हात दिसत होता, हिरव्या बांगड्या वर सरकवून पट्ट्या चिकटवलेला. लोकाची लेक. पाटावर बसवून, हळदकुंकू लावून, वरून डावभर जास्त वाढून आपण तिला हे दिलं. तिला काही झालं तर या हाताने पुन्हा कुणाला वाढायचं, हे तिला कळेना.

धनेश आणि त्याची आई आले तेव्हा ऊन कललं होतं. आई बाकावर बसली आणि कुणी काही न विचारता म्हणाली, "आमच्यात तिका काय कमी नाय हो. कपडोलत्तो, खावक-जेवक, सगळा आसा." धनेश उभाच राहिला. मग तो सत्यवतीच्या जवळ आला.

"काकी, खरा सांगा. तुमच्याकडेच झाला मां? घरातसून येताना तिना काय घेतल्यान नव्हता?"

"नाय रे. आमच्याच भाजीन झाला. माझ्या हातान."

धनेशने डोळे मिटले आणि इतका लांब श्वास सोडला की खांदे खाली आले. सत्यवतीला वाटलं, किती जीव आहे पोराचा बायकोवर. हवालदार आला तेव्हा तिने त्यालाही तेच सांगितलं, दुधीचं, मचूळ विहिरीचं, न चाखण्याचं. सुदेश मान खाली घालून ऐकत होता, पण मध्येच तोही म्हणाला, "होय, आमच्याच घरात झालंय." काशीआत्तेंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मीच चाखूक दिलंय नाय तिका. माझा नाव लिवा." चूक कुणाची हे सांगायला एवढी माणसं पुढे आलेली त्या हवालदाराने बहुधा बघितली नसावीत. त्याने पाणी मागितलं आणि फार काही विचारलं नाही.

रात्र कशी गेली ते सांगण्यात अर्थ नाही. उजाडता उजाडता उलट्या थांबल्या आणि सकाळच्या फेरीला डॉक्टर पहिल्यांदा हसला. "बीपी धरलंय," तो म्हणाला. "आज दिवसभर बघू. संध्याकाळी सोडता येईल. तुम्ही लगेच आणलंत आणि नेमकं सांगितलंत म्हणून." सत्यवतीने त्याला नमस्कार केला. तो अवघडून दुसऱ्या खाटेकडे वळला.

सुदेश बाबांना बघायला घरी गेला. काशीआत्ते चहा आणायला थर्मास घेऊन खाली उतरल्या. धनेश आणि त्याची आई रात्रीच घरी गेली होती, होमस्टेवर पाहुणे होते. खाटेशी सत्यवती एकटीच बसली. सलोनी जागी होती. तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते. सत्यवतीने चमच्याने पाणी दिलं, तिने दोन घोट घेतले आणि बोटाने पुरे म्हणून खूण केली.

"चुकला गो माझा," सत्यवती म्हणाली. "तुज्या आवशीक काय तोंड दाखवलंय असता मी."

सलोनीने मान हलवली. तिच्या डोळ्यांच्या कडेने पाणी उशीवर गेलं, पण चेहरा तसाच राहिला.

"एक इचारू? कडू लागला नाय तुका?"

सलोनी वरच्या पंख्याकडे बघत होती.

"लागला."

"पयल्याच घासाक?"

"होय."

"मगे बोलूचा नाय, बाय? सोडून उठाचा. कावळो शिवलो नाय म्हणान आमी सगळे तोंडा पाडून बसलेलो, म्हणान खाल्लंस? आमका वाईट वाटात म्हणान?"

 सलोनीने चेहरा भिंतीकडे वळवला. बोलली ती भिंतीशीच, अगदी हळू, जणू दुसऱ्या कुणाबद्दल सांगत असावी.

"आमच्या शिरोड्याक घरामागे दुधीचो माटव आसा. आई कापतेवेळी पयली फोड जिबेक लावन बगता. मी ल्हान होतंय तेवापासना. कडू आसलो तर पुरून टाकता. गोरवांच्या फुड्यातसुदा घालू नको, मरतली, म्हणता."

बाहेर ओसरीत कुणाचं तरी मूल रडत होतं. सिस्टरने येऊन सलाइनची गती बघितली आणि गेली.  वाईच वाडशात, असं विचारणारा तो आवाज सत्यवतीच्या कानांत होता, आणि डाळ जास्त येईल असं बघून आपण भरलेला तो डाव.  काल सबंध दुपार तिने डॉक्टरपुढे, पोलिसापुढे, नवऱ्यापुढे ऊर फोडून एकच गोष्ट पटवली होती, की हा नुसता अपघात आहे, यात कुणाचा काही हेतू नाही. इतकी चांगली पटवली होती की आता कुणाच्या मनात काही शंका उरली नव्हती. धनेशच्याही नाही. त्याने श्वास कसला सोडला होता ते तिला आत्ता कळलं, आणि तिला त्याची भीती वाटली.

"काकी," सलोनी तशीच भिंतीकडे बघत म्हणाली, "कोणाक सांगू नकात."

सत्यवतीने तिच्या कपाळावर हात ठेवला. तो तिने काढला नाही. मागे काहीतरी हललं तेव्हा तिने वळून बघितलं. दारात काशीआत्ते उभ्या होत्या, थर्मास पोटाशी धरून. त्या केव्हापासून उभ्या होत्या कुणास ठाऊक. त्यांनी सत्यवतीकडे बघितलं नाही. आत आल्या, कपात चहा ओतला, आणि तो कुणालाच न देता हातात धरून खाटेच्या पायथ्याशी बसल्या.

दुपारी धनेश आणि त्याची आई पिशवी घेऊन आली. पिशवीत सलोनीची साडी होती. आईने ती खाटेवर काढून ठेवली.

"डॉक्टर सांजेक सोडतत म्हणाले. बरा झाला, देवान राखल्यान," ती म्हणाली. "शनवारपासना सगळे खोल्ये भरलेले आसत. आता काय, भाजीनच तर झाला. दोन दीस पेज खाल्ल्यान की उबी रवतली."

सलोनी उठून बसली. तिने साडी उचलली आणि मांडीवर घेऊन तिच्या घड्या सारख्या करू लागली, ज्या आधीच सारख्या होत्या.

"ती आमच्याकडे येता," सत्यवती म्हणाली.

"तुमच्याकडे? कित्या?"

सत्यवती वर्गात कधी अडखळली नव्हती. आता सगळ्यांचे डोळे तिच्यावर होते आणि तिच्यापाशी सांगण्यासारखं जे होतं ते सांगायचं नाही असं तिने सलोनीच्या कपाळावर हात ठेवून कबूल केलं होतं. धनेश तिच्या तोंडाकडे बघत होता. तिने पदर खोचला.

"ओटी भरूची रवली तिची," ती म्हणाली. "पानार बसलेली सवाशीण ओटी भरल्याबिगर आपल्या घराक जात नाय. तोपर्यंत ती आमची आई. आमच्यात तसा आसा."

तसं काही नव्हतं. त्यांच्या घरातल्या आजवरच्या सगळ्या सवाष्णी जेवून, ओटी पदरात घेऊन, आपल्या चुलीवर काय आहे याची काळजी करत लगबगीने घरी गेल्या होत्या. एखादीची ओटी राहिलीच तर नारळ-तांदूळ घरपोच जायचे. हे सुदेशला ठाऊक असतं, बाबांना असतं, पण ते दोघे तिथे नव्हते. जे माणूस तिथे होतं त्याला तर या घराचे चार पिढ्यांचे नियम पाठ होते, आणि त्या नियमांत कुणी केसाएवढा फेर केलेला त्याला आजवर खपला नव्हता. धनेशच्या आईनेही मान तिकडेच वळवली.

"होय काय हो, आत्तेनू?"

काशीआत्तेंनी गार झालेला चहा स्टुलावर ठेवला.

"होय तर," त्या म्हणाल्या. "वयनीच्या सासवेपासना तसाच आसा."

"मगे आज सांजेक भरा ओटी. आमी थांबतो हय."

"आज?" काशीआत्तेंनी तिच्याकडे असं बघितलं की तिचा हात पिशवीवरून निघाला. "नवमी गेल्यार पितरपाखात सवाशणीची ओटी भरतत खंय? तुमच्यात भरतत?"

"नाय, तसा नाय..." ती गडबडली. "मगे कदी भरतल्यास?"

काशीआत्ते उठल्या. सलोनीच्या मांडीवरची साडी त्यांनी काढून घेतली, पिशवीत घातली आणि पिशवी आपल्या हाताला अडकवली.

"ता पंचांगात बगूचा लागतला," त्या म्हणाल्या. "सवडीन बगतंय."